पाव टीएमसी पाणी आणि वाळवंटातले गोल्फ

गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्याच जातीचे गवत उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक गोल्फ मैदानांवर अंथरलेले असते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, गोल्फच्या धंद्यात बर्म्युडा, आणि आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी हरळी. एकदा रानात शिरली की नांगरटीलाही दाद देत नाही, म्हणून तो तिच्या नावाने बोटे मोडतो. गोल्फसाठी तिच्या बारीक पात्याच्या संकरित जाती काढल्या आहेत, एवढाच काय तो फरक. बांधावर उन्हाळाभर कोणी न विचारता जगणारे हे चिवट गवत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात मात्र पाण्याच्या मोठ्या वादाचे कारण झाले आहे.

कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचे सध्याचे नियम २०२६ अखेर संपत असल्यामुळे त्या भागाच्या बातम्या वारंवार येत आहेत, आणि बातमीबरोबर हमखास एक छायाचित्र असते: चहूकडे तांबूस माळ आणि मधोमध हिरवेगार गोल्फ. ते पाहून कोणालाही पडावा असा प्रश्न म्हणजे, पाणी नाही म्हणता, मग हे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायचे असेल, तर कोलोरॅडोच्या काठापासून थोडे बाजूला, बोरेगो स्प्रिंग्ज नावाच्या गावात जावे. तेथे कोलोरॅडोचे पाणी पोहोचत नाही आणि दुसऱ्या कोणत्याही नदीचा कालवाही येत नाही. गाव एक, जमिनीखालचा साठा एक आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक असल्यामुळे येथे हिशेब स्वच्छ दिसतो.

गाव कसे आहे

कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगरांनी वेढलेल्या दरीत हे गाव आहे. वस्ती सुमारे ३,००० लोकांची. गावाला स्वतःची नगरपालिका नाही, आणि रस्त्यांवर एकही सिग्नल नाही. गावाच्या मध्यभागी असलेला ख्रिसमस सर्कल नावाचा गोल चौक वाहतुकीला पुरतो. गावाभोवती अँझा-बोरेगो हे ६ लाख एकरांहून मोठे राज्य उद्यान पसरलेले आहे. रात्रीचे दिवे आटोक्यात ठेवल्याबद्दल २००९ मध्ये गावाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ दर्जा मिळाला, त्यामुळे तारे पाहायलाही लोक येतात. पाऊस वर्षाला जेमतेम ५-६ इंच, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हिवाळा मात्र आल्हाददायक, म्हणून थंड प्रदेशातले निवृत्त लोक नोव्हेंबर ते एप्रिल येथे येऊन राहतात. त्यांच्यासाठी गेल्या सत्तर-एक वर्षांत गोल्फची मैदाने उभी राहिली. दरीच्या उत्तरेला संत्री, लिंबे आणि ग्रेपफ्रूटच्या बागा आहेत, तसेच शोभेच्या ताडमाडांच्या रोपवाटिकाही आहेत.

या सर्वांना, म्हणजे घरांना, बागांना आणि गोल्फला, पाणी पुरवणारा स्रोत एकच, तो म्हणजे बोअर.

जमिनीखालचे पेव

भूजल म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर आपली विहीर येते. आपल्याकडचा बहुतांश खडक बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांत जे पाणी मावते ते थोडे असते; पावसाळ्यात विहीर भरते आणि मार्चपर्यंत तळ दिसू लागतो. म्हणजे आपले भूजल हे बरेचसे वर्षाच्या कमाईवर चालणारे घर आहे.

बोरेगोची दरी वेगळी आहे. डोंगरांवरून वाहून आलेली वाळू, खडी आणि गाळ यांनी ती खोलवर भरलेली आहे, आणि त्या कणांमधल्या पोकळीत हजारो वर्षांपूर्वीपासून पाणी मुरत आलेले आहे. पाणी साठवणाऱ्या आणि सोडणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. जुन्या वाड्यांत धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोल पेव खणलेले असे, तसे हे पाण्याचे पेव समजावे. आजोबा-पणजोबांनी भरलेले धान्य भरपूर आहे, दरवर्षी नवे धान्य मात्र पायली-दोन पायल्याच पडते. घरातले सगळे जण आपापली टोपली घेऊन रोज काढत राहिले, तरी पहिली कित्येक वर्षे काही बिघडल्याचे कळत नाही. म्हणूनच असे पेव दुष्काळापेक्षा फसवे ठरते. दुष्काळ निदान दिसतो.

दरवर्षी जितके पाणी मुरते त्यापेक्षा अधिक उपसणे, यालाच अतिउपसा म्हणतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने २०१५ मध्ये या खोऱ्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे: विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही भागांत पाण्याची पातळी १०० फुटांहून अधिक खाली गेली आहे. डोंगरातून येणारे ओढे, विशेषतः कायोटी क्रीक, सरासरीने वर्षाला सुमारे ५,७०० एकर-फूट पाणी जमिनीत भरतात, आणि उपसा मात्र २०,००० एकर-फुटांच्या घरात गेला होता. म्हणजे एक रुपया मिळवून साडेतीन रुपये खर्च.

एकर-फूट म्हणजे किती

एक एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी उभे केले तर जेवढे भरेल, ते एक एकर-फूट. लिटरमध्ये सुमारे १२.३३ लाख. आपण धरणांच्या बातम्या टीएमसीत वाचतो, म्हणून त्या मापात सांगायचे तर ५,७०० एकर-फूट म्हणजे पाव टीएमसी, आणि २०,००० एकर-फूट म्हणजे टीएमसीला थोडे कमी. पुण्याच्या खडकवासला धरणात दोन टीएमसीच्या आसपास पाणी मावते, आणि ते आपल्याकडे लहानच धरण समजले जाते. बोरेगोची सारी भांडणे, खटले आणि करारनामे त्याच्या आठव्या हिश्शाएवढ्या वार्षिक आवकीसाठी आहेत.

गवत इतके पाणी का पिते

गवत स्वतः पाणी फारसे साठवत नाही. मुळांतून घेते आणि पानांतून हवेत सोडते. त्यात मातीवरून थेट उडून जाणारे पाणी मिळवले की त्या बेरजेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. दोरीवर वाळत घातलेले धोतर दमट कोकणात सावकाश सुकते आणि कोरड्या मराठवाड्यात तासाभरात कडक होते. गवताचेही तसेच आहे. बोरेगोच्या कोरड्या हवेत, कडक उन्हात आणि वाऱ्यात गवताच्या आच्छादनातून वर्षभरात सहा फुटांच्या आसपास उंचीचे पाणी उडून जाऊ शकते. पाऊस पडतो अर्धा फूट. हरळी काटक असल्यामुळे ती पुऱ्या सहा फुटांची मागणी करत नाही, तरी मैदान हिरवे ठेवायचे तर साधारण पाच फूट पाणी द्यावे लागते असे धरू.

आता एका १८ होलांच्या मैदानावर १०० एकर गवत आहे असे समजू. पाच फूट गुणिले १०० एकर, म्हणजे ५०० एकर-फूट. दिवसाला भागले तर जवळजवळ १७ लाख लिटर होतात, आणि आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरला जाणारा माणशी १३५ लिटरांचा निकष लावला, तर एवढ्यात साडेबारा हजार माणसांची दिवसाची गरज भागावी. बोरेगोची वस्ती त्याच्या पाव हिश्शाएवढी आहे.

या हिशेबात एक मेख आहे, आणि ती गोल्फ खेळणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. हरळीला उष्णता आवडते. थंडी पडली की ती पिवळी पडून झोपी जाते आणि त्या काळात तिला पाणीही फार लागत नाही. पाहुणे मात्र नेमके थंडीतच येतात, आणि त्यांना पिवळे मैदान नको असते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मैदान काही आठवडे बंद ठेवतात, हरळी अगदी खरवडून बारीक कापतात, तिच्यावर राई नावाच्या थंडीतल्या गवताचे बी पेरतात आणि ते रुजेपर्यंत दिवसातून अनेक वेळा तुषार सिंचनाने जमीन ओली ठेवतात. मे-जूनमध्ये उन्हाने राई मरते आणि खालची हरळी पुन्हा वर येते. म्हणजे एकाच जमिनीवर वर्षाला गवताची दोन पिके, खरीप आणि रब्बी, आणि त्यातले रब्बीचे पीक केवळ डोळ्यांना बरे वाटावे म्हणून.

मग गोल्फच बंद का करत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे, पण पाणी कोठे जाते ते पाहिले तर त्याची धार थोडी बोथट होते. न्यायालयीन वाटणीपूर्वीच्या काळात बोरेगोतल्या उपशापैकी ढोबळमानाने ७० टक्के पाणी शेतीला, २० टक्के गोल्फला आणि १० टक्के घरगुती व इतर गावठाणी वापराला जात असे. सगळी मैदाने एका रात्रीत बंद केली असती, तरी २०,००० पैकी ४,००० एकर-फूटच वाचले असते. उरलेला १६,०००चा उपसा आवकीच्या पावणेतीन पट राहिला असता. गोल्फ रस्त्यावरून दिसते आणि छायाचित्रात उठून दिसते, तर लिंबाच्या बागेकडे पाहून कोणाला उधळपट्टी आठवत नाही. परंतु वाळवंटात एकर-दीड एकर ग्रेपफ्रूट पिकवायलाही त्याच हवेशी झगडावे लागते.

यावर कोणी म्हणेल की शेती अन्न देते, गोल्फ काय देते? माझ्या मते हा युक्तिवाद आपल्याला वाटतो तितका भक्कम नाही. या फळांवाचून कोणी उपाशी राहणार नाही, आणि तीच फळे अधिक पाण्याच्या प्रदेशातही पिकतात. उलट गावातली हॉटेले, दुकाने आणि हातावर पोट असलेले कामगार हिवाळ्यातल्या पाहुण्यांवर जगतात, आणि त्या पाहुण्यांतला एक हिस्सा गोल्फसाठी येतो. अर्थात उरलेले पाहुणे उद्यानासाठी, ताऱ्यांसाठी आणि चांगला पाऊस झालेल्या वर्षी वसंतात फुलणाऱ्या रानफुलांसाठी येतात, आणि त्यांना बोअर लागत नाही. कोणता वापर श्रेष्ठ हे ठरवत बसले, तर प्रत्येकाकडे आपला वापर पवित्र ठरवणारे कारण तयार असते. बोरेगोने अखेरीस तो वाद बाजूला ठेवून एकूण उपशाची मर्यादा आधी ठरवली, आणि तेच शहाणपणाचे झाले.

बाहेरून पाणी आणावे, खोल जावे, सांडपाणी वापरावे

शेजारच्या कोचेला खोऱ्यात पाम स्प्रिंग्ज, इंडियन वेल्स, ला किंटा अशा गावांत शंभराहून अधिक गोल्फ मैदाने आहेत, आणि तेथे कालव्याने आलेले कोलोरॅडोचे पाणी आणि शहरांचे शुद्ध केलेले सांडपाणी, दोन्ही गवताला दिले जाते. बोरेगोनेही तसे का करू नये? कारण कोलोरॅडोचे हक्क १९२२ च्या करारापासूनच नदीच्या सरासरी प्रवाहापेक्षा अधिक वाटलेले आहेत. त्या रांगेत नव्याने उभे राहणे अवघड, आणि डोंगर ओलांडून नळ टाकण्याचा खर्च ३,००० लोकांनी उचलणे त्याहून अवघड. सांडपाण्याचा प्रश्न तर आकड्यातच संपतो: घरगुती वापर मुळात दहावा हिस्सा, त्यातलाही बराचसा अंगणात जिरणारा, मग शुद्ध करायला उरणार किती?

‘गवताला दिलेले पाणी परत जमिनीतच मुरते ना?’ असेही विचारले जाते. थोडे मुरते, पण बहुतेक पाणी हवेत जाते, आणि जे मुरते त्याला कोरड्या वाळूच्या जाड थरातून पाण्याच्या पातळीपर्यंत पोहोचायला कित्येक दशके लागू शकतात. जाताना ते खतातला नायट्रेटही सोबत नेते.

राहिला खोल जाण्याचा मार्ग, जो आपल्या ओळखीचा आहे. पेवाच्या वरच्या भागातले धान्य चांगले, तळाचे कुबट आणि काढायला कष्टाचे, असा अनुभव असे. या खोऱ्यात जलधराचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन थर आहेत. वरचा सर्वांत मोकळा आणि भरपूर पाणी देणारा, आणि तोच रिकामा होत आहे. खाली कण बारीक होत जातात, पाणी सावकाश येते, विजेचे बिल वाढते आणि काही ठिकाणी क्षार व आर्सेनिकचे प्रमाणही वाढते. शिवाय खोल जाण्याची ऐपत सर्वांची नसते. दरीच्या तळाशी, बोरेगो सिंक नावाच्या सखल भागात, मेस्कीटची झाडे होती. बाभळीच्या दूरच्या नात्यातली ही झाडे मुळे फार खोल पाठवू शकतात, तरीही उतरत्या पातळीचा पाठलाग त्यांना जमला नाही आणि तिथली बरीच झाडे वाळून गेली.

न्यायालयात झालेली वाटणी

कॅलिफोर्नियात २०१४ पर्यंत राज्यभर लागू होईल असा भूजलाचा कायदा नव्हता. जमीन ज्याची, त्याने खालचे पाणी काढावे, असाच सर्वसाधारण व्यवहार होता. त्या वर्षी शाश्वत भूजल व्यवस्थापनाचा कायदा झाला. बोरेगोसह २१ खोरी ‘गंभीर अतिउपशाची’ ठरवण्यात आली आणि २०४० पर्यंत उपसा व आवक यांचा मेळ घालण्याचे बंधन त्यांच्यावर आले.

योगायोग असा की, विधिमंडळाने २००९ मध्ये मंजूर केलेला महाराष्ट्राचा भूजल कायदाही २०१४ मध्येच अमलात आला. त्यात शेती व उद्योगांसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल बोअर घेण्यास मनाई आहे. मराठवाड्यात बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, हे वाचकांना सांगायला नको.

बोरेगोत पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मोठे उपसादार, म्हणजे बागायतदार, गोल्फवाले आणि गावाला पाणी देणारी संस्था, यांनी वाटाघाटी करून तडजोड केली आणि ती न्यायालयासमोर ठेवली. एप्रिल २०२१ मध्ये तिला हुकूमनाम्याचे रूप मिळाले. आधीच्या काही वर्षांतल्या उपशावरून प्रत्येकाचा मूळ हिस्सा ठरला. सर्व हिश्शांची बेरीज झाली सुमारे २४,३०० एकर-फूट. त्या वेळी धरलेली सुरक्षित मर्यादा ५,७०० असल्यामुळे, २०४० पर्यंत प्रत्येकाच्या हिश्शात टप्प्याटप्प्याने सुमारे तीन चतुर्थांश कपात करावयाची, असे ठरले. मर्यादेचा आकडा नव्या मोजमापानुसार ठरावीक काळाने तपासण्याची सोयही ठेवली. घरापुरते, वर्षाला दोन एकर-फुटांपर्यंत पाणी काढणाऱ्यांना सूट मिळाली. देखरेखीसाठी ‘वॉटरमास्टर’ नावाचे पाच सदस्यांचे मंडळ नेमण्यात आले. आपल्याकडच्या पाटकऱ्याचेच हे काम, फरक एवढाच की याच्यामागे न्यायालय उभे आहे.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सर्वांत साधी गोष्ट: पंपावरचा मीटर. पूर्वी किती उपसले याचे उत्तर पुष्कळदा लागवडीखालच्या क्षेत्रावरून काढलेला अंदाज असे. आता मोठ्या पंपावर मीटर आहे, त्याचे वाचन होते, आणि हिश्शापेक्षा जास्त काढले तर पैसे भरावे लागतात.

ही वाटणी न्याय्य आहे का?

पूर्णपणे आहे असे म्हणवत नाही. पूर्वी ज्याने अधिक उपसले त्याला अधिक हिस्सा मिळाला. म्हणजे पेव रिकामे करणाऱ्यालाच मोठी टोपली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा पाणी जमिनीवर न देता माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला अडीच एकरांच्या मर्यादेत द्यायचे, भूमिहीनांनाही हिस्सा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे ठरले होते. त्या कसोटीवर बोरेगोची वाटणी मालदारांच्या बाजूची दिसते. तिच्या समर्थनार्थ इतकेच म्हणता येते की मोठ्या उपसादारांना सोडून केलेली कोणतीही योजना वर्षानुवर्षे खटल्यात अडकली असती आणि पाणी तोवर उतरतच राहिले असते.

दुसरी अडचण पैशाची आहे. हिस्से विकता येतात. ज्याला गोल्फ चालवायचे आहे तो बागायतदाराचा हिस्सा विकत घेऊ शकतो, आणि बाग पडीक टाकली जाते. पडीक टाकणे हे ऐकायला सोपे वाटते, पण पाणी तोडलेली संत्र्याची बाग म्हणजे ओळीने उभे राखाडी सांगाडे, त्यांच्याखाली उघडी पडलेली भुसभुशीत जमीन आणि वाऱ्याबरोबर गावात येणारी धूळ. म्हणून झाडे काढणे, जमीन झाकणे आणि बोअर नीट बंद करणे यांच्या अटी हुकूमनाम्यात घालाव्या लागल्या. बागेत राबणाऱ्या मजुराच्या नावावर मात्र पाण्याचा हिस्सा नसतो, त्यामुळे विक्रीच्या रकमेत त्याला काही मिळत नाही.

मग गोल्फ राहील का?

राहील, पण कमी मैदानांवर आणि महाग होऊन, असा माझा अंदाज आहे. याची चुणूक आधीच मिळाली आहे. गावाच्या दक्षिणेचे रॅम्स हिल हे नावाजलेले मैदान आर्थिक मंदीनंतर काही वर्षे बंद पडले होते आणि २०१४ मध्ये, म्हणजे भूजल कायदा झाला त्याच वर्षी, पुन्हा सुरू झाले. पैसा असलेला मालक हिस्से विकत घेऊन टिकेल. पेन्शनवर जगणाऱ्यांच्या घरांमधले नऊ-अठरा होलांचे साधे मैदान ज्यांच्या वर्गणीवर चालते, त्यांना ते जड जाईल. बाकीचे मार्गही खुले आहेत: खेळाचा चेंडू जेथे क्वचितच पडतो तेथले गवत काढून वाळू व स्थानिक झुडपे ठेवणे, जमिनीतला ओलावा मोजून रात्रीच पाणी देणे, आणि राई न पेरणे.

या शेवटच्या गोष्टीवर प्रत्येक मैदानात दर शरद ऋतूत खल होतो. राई पेरली नाही तर पाण्याची मोठी बचत होते, पण डिसेंबरात आलेल्या पाहुण्याला पिवळे मैदान पाहून आपण फसलो असे वाटते. म्हणून नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी गोल्फमध्ये अलीकडे तिसराच तोडगा निघाला आहे. चेंडू ढकलण्याची ग्रीन आणि पहिल्या फटक्याची टी एवढीच राईने हिरवी राखायची, मधल्या लांब फेअरवेवरची हरळी झोपू द्यायची, आणि सकाळी पाठीवर पंप घेऊन त्या झोपलेल्या पिवळ्या हरळीवर हिरवा रंग फवारायचा.